काकांची १८ फुटी फायबर होडी अंगणात दुरुस्त करतोय : मागची फळी गेली असेल का?

खाडीकाठ | २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

आमचं घर विजयदुर्ग खाडीच्या काठाला. काकांची १८ फुटी फायबरची होडी आहे, साधारण २००४ सालातली. पाग, गरी, कुर्ल्यांचे पिंजरे एवढ्यापुरती, मागे ९.९ एचपीचं आऊटबोर्ड. काकांचे गुडघे गेले आणि २०१५ नंतर ती पाण्यात उतरलीच नाही. माडाखाली तोंड आभाळाकडे करून पडून होती. दर पावसाळ्यात काठोकाठ भरायची, वरून चुडतं पडायची, आत काळा चिखल. दोघातिघांनी मागितली, काकांनी दिली नाही. आणि दुरुस्तही केली नाही. मी गेल्या वर्षीपासून घरून काम करतो म्हणून गावातच असतो, तेव्हा हे अंगावर घेतलंय.

चिखल काढून, घासून धुतली. जे दिसतंय ते असं :

मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, मोटारीचा क्लॅम्प बसायचा तिथे दोन खळगे पडलेत. अंगठा जाईल एवढे. फळीच्या खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टाच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपतं, होडी धुऊन चार दिवस झाले तरी.

तळाची पठाण (होडीच्या तळाचा मधला कणा) वाळूवरून ओढून ओढून झिजलीय, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) संपून खालचे तंतू दिसतात. डाव्या बाजूला मुठीएवढं भोक, ते कसं पडलं यावर घरात दोन मतं आहेत. आणि तळाला इकडे तिकडे फोड. एक फोड टाचणीने फोडला तर आंबूस वासाचं पाणी आलं.

माझा अनुभव : घरच्या टाकीला एकदा ठिगळ लावलंय. तेही गळतंय.

सगळं रेझिनवर (फायबरचे थर चिकटवून घट्ट करणारा द्रव) भागेल की फळी काढावी लागेल? रेझिन पॉलिएस्टर घेऊ की इपॉक्सी? साधारण किती किलो माल लागेल?

सुरमई_फ्राय | २ नोव्हेंबर

फोटो दिसत नाहीत.

खाडीकाठ | २ नोव्हेंबर

चढत नाहीयेत. रेंज आली की टाकतो.

फायबरमिस्त्री | ३ नोव्हेंबर

वीस वर्षं हेच करतोय, आधी रत्नागिरीत, आता गोव्यात. सरळ सांगतो, राग नको. रेझिनच्या डब्याला अजून हात लावू नका.

तुम्ही जे सांगितलंत त्यावरून फळी गेलेली आहे. फायबरच्या होडीला लोक फायबरची समजतात, पण ट्रान्सममध्ये बहुतेक वेळा प्लायवूड असतं. दोन बाजूंना फायबरची कातडी, मध्ये प्लाय. कातडीला काही होत नाही. बोल्टाच्या भोकातून पाणी आत जातं, बाहेर पडायला वाट नाही, आणि मधलं लाकूड वर्षानुवर्षं भिजत राहतं.

खात्री करायची तर हातोडीचा दांडा घ्या आणि फळीवर चार-चार इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, दांडा उसळतो. गेलेल्या जागी भिजलेल्या खोक्यावर ठोकल्यासारखा. खडूने खुणा करा. मग ५ मिमीचं ड्रिल घेऊन आतल्या बाजूने भोकं पाडा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवून घ्या, बाहेरची कातडी फोडायची नाही, तीच पुढे तुमचा साचा आहे. भुसा पांढरट-कोरडा आला तर नशीब. काळा, ओला, बिटला चिकटणारा आला तर फळी काढायची. पाच-सहा ठिकाणी पाडा, एका भोकावर निकाल देऊ नका.

दुसरं. होडी उपडी करून वाळू द्या. ओल्या फायबरवर मारलेलं रेझिन दुसऱ्या पावसाळ्यात सालीसारखं निघतं. वाळली का बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तळाला चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून घाम आला तर अजून ओली.

तुम्ही नोव्हेंबरात सुरुवात केलीत हे बरं केलंत. मे महिन्यात धागे काढणारे फार.

मस्कतकर | ३ नोव्हेंबर

मिस्त्रींशी सहमत, फक्त रेझिनबद्दल माझं मत वेगळं. इकडे ओमानला किनाऱ्यावर फायबरच्या लहान होड्यांची रांगच्या रांग असते, हौस म्हणून मी दोन दुरुस्त केल्यात. जुन्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर धरतं ते फक्त खरखरीत पृष्ठभागाच्या जोरावर. इपॉक्सीची पकड त्याहून कितीतरी चांगली. ट्रान्सम म्हणजे चाळीस किलोची मोटार लटकणार. तिथे पैसे वाचवू नयेत.

फायबरमिस्त्री | ३ नोव्हेंबर

मस्कतकर, तुमचं खरं आहे, पण ते आखाती पगारात खरं आहे. 🙂 ही होडी मुळात पॉलिएस्टरची, किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या पॉलिएस्टरनेच दुरुस्त होतात आणि वीस-वीस वर्षं चालतात. ३६ नंबरच्या डिस्कने नीट घासलं, धूळ काढली, त्याच दिवशी लेयर टाकला तर सुटत नाही. सुटलेलं काम बघायला मला बोलावतात ना, तिथे दहातल्या नऊ वेळा घासलेलंच नसतं.

आणि इपॉक्सी घेतलं तर एक लक्षात ठेवा. साधी चटई, म्हणजे चॉप्ड स्ट्रँड मॅट, इपॉक्सीला चालत नाही. तिच्यातला बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तसाच राहतो आणि मॅट ताठ उभी राहते. विणलेलं कापड घ्यावं लागेल. शिवाय इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट धड बसत नाही. एकदा त्या रस्त्याला लागलात की शेवटपर्यंत त्याच रस्त्याने.

जुनी_वल्ही | ४ नोव्हेंबर

होडीचे कागद कोणाच्या नावावर आहेत? सगळी मेहनत करून झाल्यावर हा प्रश्न येतो, म्हणून आत्ताच विचारतो. मासेमारीची नोंदणी नि परवाना काकांच्या नावावर असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना भेटून हस्तांतराचं विचारून घ्या. नोंदणी आता 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीवर असते. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये बराच कडक झालाय, विनापरवाना जाळं टाकणं स्वस्तात पडत नाही. आणि मोटार लावणार म्हणजे १ जून ते ३१ जुलै बंदी तुम्हालाही.

खाडीकाठ | ४ नोव्हेंबर

धन्यवाद जुनी_वल्ही. कागद ट्रंकेत आहेत असं काका म्हणतात. ट्रंकेची किल्ली कुठे आहे ते सांगत नाहीत.

खाडीकाठ | ७ डिसेंबर

उशिराबद्दल क्षमस्व. होडी महिनाभर टायरांवर उपडी वाळवली, मग पुन्हा सरळ केली. उलथवायला दोन बांबू आणि सहा माणसं लागली, सातवा नुसता 'सावकाश' म्हणत होता.

आठ भोकं पाडली. वरची दोन कोरडी. बाकीच्या सहांतून काळा लगदा. सर्वांत खालच्या भोकातून पाण्याची बारीक धार आली, आंबलेल्या पेजेसारख्या वासाची, आणि ती सावकाश तासभर गळत राहिली. महिनाभर उपडी असून! पाणी कुठे दडून बसलं होतं देव जाणे.

शेजारचे आबा (वय ८१, जन्मभर रापणीवर) काठी टेकत बघायला आले. त्यांनी फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं नि म्हणाले, "आतला लाकूड कुसला रे. फायबराक काय्येक होवचा नाय. पाणी खयसून इला, ता आदी बघ."

तेच बघितलं. मूळ मोटारीची भोकं व्यवस्थित बुजवलेली आहेत. नंतर कधीतरी काकांनी नवी मोटार घेतली, तिची भोकं दोन इंच बाजूला पाडली आणि त्यात बोल्ट तसेच घातले. ना सीलंट, ना वॉशर. काकांना विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी घाई होती.

मग आतली कातडी कापली. मिस्त्रींनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे कापण्याआधी दोन्ही काठांमध्ये आडवी लाकडी पट्टी ठोकली (नाहीतर फळी निघाल्यावर होडी उघडते म्हणे) आणि कडेला दोन इंचांची किनार सोडून ग्राइंडर फिरवला. कातडी सोलल्यावर आत प्लाय असा नव्हताच. ओल्या चहापत्तीसारखं काहीतरी, हाताने उकरून घमेल्यात भरलं. वरच्या कोपऱ्यातला एक तुकडा तेवढा शाबूत निघाला, त्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय : "२१ इं. – डावी". वीस वर्षं अंधारात होतं ते अक्षर. तुकडा खिडकीत ठेवलाय.

उरणची_पोर | ७ डिसेंबर

दादा, ग्राइंडर फिरवताना अंगात काय घातलेलं?

खाडीकाठ | ७ डिसेंबर

हाफ पँट. 😐 ताई, तीन दिवस झोप नाही. खाजवून खाजवून हातांना रेघा उठल्यात. हे आधी का नाही सांगितलं कोणी!

उरणची_पोर | ८ डिसेंबर

माझे बाबा फायबरच्या शेडमध्ये होते, आमच्या घरी हे रोजचं. ऐका.

आधी हातांना, मानेला, मनगटाला टाल्कम पावडर चोपडायची. वर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला चिकटपट्टी. काम झालं की गार पाण्याने अंघोळ, गारच. अंग चोळायचं नाही, नुसतं पाणी ओतायचं. टॉवेलही टिपायचा, घासायचा नाही. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावाल तर अख्खं घर खाजवेल. आमच्याकडे एकदा झालंय, आजीसकट.

आत्ता जी खाज आहे त्यावर चिकटपट्टी हलकेच लावून उचला. थोडी काचेची कुसळं निघतील.

तोंडाला रुमाल चालणार नाही. धुळीला एन-९५, आणि रेझिनच्या वेळी तो पण चालत नाही, सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. बाबांना शेवटी धाप लागायची. कशाने ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, पण मास्क त्यांनी कधी लावला नव्हता.

आणि कापलेले तुकडे जाळू नका, हात जोडून सांगते. आमच्या इथे मोडक्या होड्या किनाऱ्यावर तशाच पडून असतात. भंगारवाला लोखंड घेतो, मोटार घेतो, इंजिनाखालची पट्टीपण उचकटून नेतो, फायबरकडे बघत नाही. मग कोणीतरी काडी लावतं. काळा धूर, नि खाली काचेच्या जाळीचा सांगाडा तसाच. लाकडाची होडी मेली की निदान चुलीत जायची.

बेंझीनवाला | ८ डिसेंबर

आता रेझिनकडे वळणार, त्याआधी माझं ऐका. पेशाने रसायनवाला आहे, होडीतलं काही कळत नाही.

दुकानदार तुम्हाला तीन गोष्टी देईल : रेझिन, कोबाल्ट (ॲक्सिलरेटर, जांभळं) आणि कॅटॅलिस्ट, ज्याला बरेच जण हार्डनर म्हणतात (पाण्यासारखं पारदर्शक, एमईकेपी). कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही, चुकूनही, ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. एकाच मापाने दोन्ही मोजू नका, एकाच पिशवीत घरी आणू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटॅलिस्ट. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, घेताना विचारा.

कॅटॅलिस्ट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल घालून काम करा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. उडालंच तर किमान १५ मिनिटं डोळा धूत राहायचं आणि तडक दवाखाना.

प्रमाण : रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के कॅटॅलिस्ट. म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. तुमच्याकडे दुपारी ३३-३४ अंश असेल तर १ टक्का भरपूर. पण लवकर घट्ट होतंय म्हणून १ च्या खाली जाऊ नका, रेझिन वरून सुकल्यासारखं दिसेल आणि आतून कायम कच्चं राहील. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल. नंतर तो स्वयंपाकघरात नेऊ नका.

फायबरमिस्त्री | ९ डिसेंबर

बेंझीनवाले साहेब, तुमचा प्रतिसाद छापून शेडमध्ये लावतो. आमच्याकडची पोरं कॅटॅलिस्ट बाटलीच्या झाकणाने मोजतात. झाकण कुठल्या बाटलीचं, ते विचारू नका.

खाडीकाठ, मालाचा हिशोब. फळीची आतली बाजू आणि कडांवर चढणारा भाग धरून साधारण १ चौरस मीटर. ४५० ग्रॅमची मॅट, तिच्यावर ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग, असे आलटून पालटून पाच थर : मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट. मॅट आपल्या वजनाच्या अडीच पट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण वजनाएवढं. म्हणजे काच (मॅट आणि रोव्हिंग मिळून) अडीच किलो, रेझिन साडेचार-पाच किलो. पुट्टी आणि वाया जाणारं धरून फळीपुरतं सात किलो घ्या. सगळं मिळून साडेचार मिमीच्या आसपास जाडी येईल. पठाण आणि भोक वेगळं.

रेझिन आयसोफ्थॅलिक मागा. साधं रेझिन पाण्याला कमी टिकतं. तुमच्या तळाला जे आंबूस पाण्याचे फोड आहेत ना, ते यामुळेच, पाणी झिरपून रेझिनचे तुकडे पाडतं. फोड उघडायचे, घासायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, वाळवायचे, मग भरायचे.

प्लाय : आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, १८ मिमीचे दोन. दोन्हींच्या मध्ये रेझिनमध्ये भिजवलेली एक मॅट, नि सगळं क्लॅम्पने आवळून रात्रभर. प्लायच्या कडा उघड्या ठेवू नका, त्यांनाच पहिल्यांदा तहान लागते. फळी आणि बाजू यांच्या कोपऱ्यात पुट्टीची गोलाई करा. काटकोनात काच बसत नाही, मागे पोकळी राहते.

भोकासाठी : कातडी ६ मिमी असेल तर चारही बाजूंनी त्याच्या बारा पट, म्हणजे सत्तर-बहात्तर मिमी उतार घासायचा. बाहेरून मेण लावलेला लॅमिनेट टेकवा आणि आतून थर द्या. मोठा तुकडा आधी की छोटा आधी, हे इथे विचारू नका, धागा शंभरीला जाईल.

सुरमई_फ्राय | ९ डिसेंबर

मोठा आधी.

मस्कतकर | ९ डिसेंबर

छोटा आधी.

खाडीकाठ | १९ जानेवारी

मंडळी, एक बादली शहीद झाली.

नवा प्लाय बसवला, कोपऱ्यांत गोलाई केली, पहिले दोन थर सकाळी उत्तम झाले. स्टीलच्या रोलरने बुडबुडे काढताना एक गंमत कळली : मॅट भिजली की पांढरी राहत नाही, एकदम नाहीशी होते, खालच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागतात. जिथे पांढरं दिसतं तिथे हवा. त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मागे लागलं की वेळेचं भान राहत नाही.

आणि तिथेच फसलो. दुपारी वाटलं, दर वेळी अर्धा किलो कुठे कालवत बसू? एकदम दोन किलो केलं, उभट बादलीत. रोलर फिरवत होतो, तेवढ्यात आबांनी हाक मारली, "रे, तुझी बादली धूर सोडता!" बादलीतल्या रेझिनची आधी जेली झाली, मग ते तडतडलं, मग बादलीच वितळून बसकी झाली. खोऱ्याने ढकलून वाळूत पाडलं. रात्रीपर्यंत कोमट होतं. आज सकाळी बघितलं तर पिवळा, भेगाळलेला खडक, आणि त्यात बादलीची कडी.

बेंझीनवाला | १९ जानेवारी

उष्णता बाहेर पडायला जागा नव्हती. तेवढंच रेझिन पसरट परातीत असतं तर दुप्पट वेळ मिळाला असता. अर्धा किलोच कालवा, कंटाळा येऊ दे. आणि वाळूत टाकलंत ते चांगलं केलंत, पालापाचोळ्यात टाकलं असतं तर आग लागली असती.

वेंगुर्ल्याचो_झिल | २३ जानेवारी

मी पण एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो. बाकाखाली तरंगायला म्हणून थर्माकोल भरला आणि वरून पॉलिएस्टरने मॅट लावली. तासाभराने बाक खाली बसलेला. उघडून बघतो तर थर्माकोलच गायब, तळाला चिकट पांढरी लापशी. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, हे आता मला जन्मात विसरायचं नाही. पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा. किंवा घट्ट झाकणाचे रिकामे कॅन. माझ्याकडे आता कॅनच आहेत.

खाडीकाठ | २४ जानेवारी

झिला, देव तुझं भलं करो. थर्माकोल आणून ठेवला होता. खरंच.

ठाण्याची_खिडकी | २६ जानेवारी

तांत्रिक काही कळत नाही, पण धागा मालिकेसारखा वाचतेय. एक भाबडा प्रश्न : एवढं करण्यापेक्षा लाकडाची होडी नाही का बरी? आजोळी लाकडी होड्यांना तेल लावायचे ते आठवतं, उग्र वास यायचा.

जुनी_वल्ही | २६ जानेवारी

मुशीचं तेल. तो वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही.

ताई, लाकूड छानच, पण चांगलं लाकूड परवडत नाही आणि होडी बांधणारा सुतार मिळत नाही. लाकडी होडीला दरवर्षी वर काढून भेगांत कापूस ठोकावा लागतो, तेल लागतं, खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर मधला मार्ग काढला होता, रबराच्या झाडाच्या लाकडाची होडी आणि तिला वरून फायबरचं आवरण. पूर्व किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनंतर फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. आपल्याकडे हळूहळू आल्या, पण आल्या त्या राहिल्या.

खाडीकाठ यांच्या जवळच गिर्ये गावात मराठा आरमाराची गोदी आहे, बघितली नसेल तर बघा. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळाचं काम करायचं. त्यांना टायर लागत नव्हते.

खाडीकाठ | १८ मार्च

फळी पूर्ण. ठोकली की हात झिणझिणतो. आबांनी पेराने ठोकून पाहिलं, काही बोलले नाहीत, चहा मागितला.

पठाणीवर तीन थर दिले, भोक बुजवलं (मोठा आधी, मस्कतकर, क्षमस्व). शेवटच्या थरात मेण घातलेलं रेझिन वापरलं, कारण साधं रेझिन हवेला उघडं राहिलं की वरून चिकट राहतं, हे मी एक आठवडा 'सुकेल, सुकेल' म्हणत वाट बघून शिकलो.

मोटारीची भोकं या वेळी मस्कतकरांच्या पद्धतीने. भोक जाड पाडायचं, इपॉक्सीच्या पुट्टीने गच्च भरायचं, सुकल्यावर बरोबर मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, पॉलियुरेथेन सीलंट. घाई नव्हती.

आता रंग. तळाला अँटीफाउलिंग (शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून मारायचा रंग) लागेल का?

फायबरमिस्त्री | १८ मार्च

रोज वर ओढून ठेवणार असाल तर नको, वाळूत घासूनच जाईल. कायम पाण्यात राहणाऱ्या होडीला ते लागतं. दोन डब्यांचं इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू रंग पुरे. आतून फिका रंग मारा. गडद माराल तर मे महिन्यात बाकावर बसवणार नाही.

आणि पाणी जायचं बूच नवं घ्या.

खाडीकाठ | २० एप्रिल

काल उतरवली. पुनवेची उधाणाची भरती होती, पाणी पार शेवटच्या माडापर्यंत आलं, ओढावं फारसं लागलंच नाही. नारळ दिला. काका खुर्चीवर बसून बघणार होते, पण होडी पाण्याला लागल्यावर खुर्ची सोडून गुडघ्याएवढ्या पाण्यात आले आणि दोघांनी धरल्यावर आत चढून बसले. मी मोटार आवळत होतो. काकांनी क्लॅम्पकडे पाहिलं नाही. फळीच्या खालच्या कोपऱ्यावर, जिथून पाणी झिरपायचं तिथे, हात ठेवून बसले होते.

चाळीस-पन्नास फूट गेल्यावर पाय ओले व्हायला लागले.

माझं पाणी पाणी झालं. सहा महिने! कुठल्या जोडातून येतंय म्हणून मी बाकाखाली डोकं घालून शोधतोय, आणि काका शांतपणे म्हणतात, "बूच लावलंस का?"

बूच माझ्या खिशात होतं. नवं. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून घेतलेलं.

काकांनी टाचेने भोक दाबून धरलं, मी पाणी उपसलं, बूच लावलं. नंतर तासभर खाडीत फिरलो. एक तांबोशी मिळाली, लहान होती, सोडली. फळी कोरडी. आज सकाळी पुन्हा बघितली, कोरडी.

ट्रंकेची किल्ली काल रात्री मिळाली. कागद घेऊन सोमवारी परवाना अधिकाऱ्यांकडे जातोय.

उरणची_पोर | २० एप्रिल

काकांना नमस्कार सांगा. आणि ते कापलेले तुकडे कुठे ठेवलेत?

खाडीकाठ | २० एप्रिल

पोत्यात भरून गोठ्यामागे. जाळले नाहीत ताई. काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

सुरमई_फ्राय | २१ एप्रिल

तांबोशी सोडली????

नवखा_नाखवा | ३ मे

नमस्कार, आजच सदस्य झालो. माझ्याकडे १४ फुटी जुनी फायबर होडी आली आहे. बाकी एकदम चांगली आहे, फक्त मागच्या फळीवर एका जागी थोडा फुगवटा दिसतो. वरून दोन थर मारून पावसाआधी पाण्यात घालू का?

फायबरमिस्त्री | ३ मे

भोक पाडून बघा. आतून.